हिवाळ्याच्या तोंडावर अंगणात नवे पक्षी दिसतायत, पाहुणे आहेत की इथलेच?

रानजाई:
नमस्कार मंडळी. इथलं वाचते नेहमी पण लिहितेय पहिल्यांदाच. आधी सुट्टीच्या दिवशी पाणथळीवर वगैरे जायचे पक्षी बघायला, पण यंदा आई आजारी आहे आणि तिला सोडून तासभराच्या वर कुठे जाता येत नाही, म्हणून ठरवलं की जे काय बघायचं ते मागच्या अंगणातूनच बघायचं. ऑक्टोबरच्या मध्यापासून रोज उजाडलं की पायरीवर बसते, जुनी दुर्बीण आणि एक वही घेऊन. अंगण काही फार मोठं नाही, एक मोठं झाड, थोडी झुडपं, कडेला दगडी गडगा आणि कोपऱ्यात पाचोळ्याचा ढीग, बास.

तर आठवडाभरापासून एक चिमणीएवढा पक्षी येतोय. तपकिरी आहे, शेपूट विटकरी, गडग्यावर बसतो, मान दोनदा खाली-वर करतो आणि शेपूट अशी थरथरवतो की याला थंडी वाजतेय की काय असं वाटावं. मला आधी वाटलं चिरकाची मादी असेल कारण चिरक इथे बाराही महिने असतात आणि मादी तपकिरीच असते, पण हा काहीतरी वेगळा वाटतोय, नक्की काय वेगळं ते सांगता येत नाहीये. फोटो काढला पण नुसता ठिपका आलाय.

शिवाय रोज संध्याकाळी डोक्यावरून इंग्रजी व्ही आकाराची एक रांग जाते, पंचवीस-तीस पक्षी, हे स्थलांतर करणारे असतील का? आणि मागच्या आठवड्यात रात्री दोनच्या सुमारास आईसाठी उठले होते तेव्हा बाहेर वरून कुठूनतरी बारीक "त्सिप... त्सिप" असा आवाज ऐकू आला, एकदा, मग थोड्या वेळाने पुन्हा, पण दुसऱ्या दिशेने. अंगावर काटाच आला.

अजून एक. मी त्यांच्यासाठी पाणी ठेवते, दाणेपण ठेवायचा विचार आहे, पण शेजारच्या काकू म्हणाल्या की आयतं खायला मिळालं तर पक्षी पुढे जायचं विसरतात. खरंय का हे? आणि मुळात घरात बसून स्थलांतर दिसतं का हो, की मी आपली मनाची समजूत घालतेय?

जुनी_दुर्बीण:
दिसतं! आणि ताई, माझं तर मत आहे की पाणथळीपेक्षा घरातून जास्त चांगलं कळतं. तिथे आपण महिन्यातून एकदा जातो, असेल ते बघतो आणि परत येतो, पण काल नव्हता आणि आज आहे हे कळायला रोज त्याच जागी बसावं लागतं, ते तुम्ही करताय.

आता पक्षी. तो थिरथिरा असणार, तुम्ही केलेलं वर्णन म्हणजे त्याचं नावच आहे, शेपूट थरथरवतो म्हणून थिरथिरा. आमच्याकडे जुनी माणसं याच नावाने ओळखायची. तुम्ही बघताय ती मादी किंवा पहिल्या वर्षाचा पक्षी असेल, नर मोठा झाला की डोकं-छाती काळी आणि पोट गंजासारखं तांबूस होतं. चिरक आणि थिरथिरा यात गोंधळ होतोच, माझाही कित्येक वर्षं व्हायचा. फरक शेपटीत बघा. चिरकाची शेपूट स्वतः काळपट असते आणि विटकरी रंग शेपटीच्या खाली, बुडाशी असतो, शिवाय चिरक शेपूट उभी धरतो, पाठीवर मोडून आल्यासारखी. थिरथिऱ्याची शेपूटच विटकरी असते, मधली पिसं फक्त गडद, आणि तो ती उभी करत नाही, थरथरवतो. उडताना शेपूट पसरली की विस्तवासारखी दिसते, तेव्हा बघा, शंकाच राहणार नाही.

हा उन्हाळ्यात हिमालयात आणि त्याच्या पलीकडे मध्य आशियात असतो, उघड्या खडकाळ भागात घरटं करतो. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून खाली उतरतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतो. दगडी गडगा त्याला का आवडला असेल याचा अंदाज येतोय ना आता? म्हणजे तुमचा हा पक्षी नुसता वाटेवरचा नाही, बहुतेक तो हिवाळा तुमच्याकडेच काढणार आहे. पंधरा दिवसांनीही तिथेच दिसला तर नक्की समजा.

वहीत एक करा, जो दिसला नाही तेही लिहा. "आज थिरथिरा नाही" ही पण नोंद आहे. पहिल्यांदा कधी आला आणि शेवटचा कधी दिसला या दोन तारखा चार-पाच वर्षं जमल्या की ती वही सोन्यासारखी होते बघा.

पाणकाठ:
थिरथिऱ्याबद्दल काकांशी सहमत. पण व्ही रांगेबद्दल जरा थांबा. रोज संध्याकाळी, त्याच वेळी, त्याच दिशेने जात असतील तर ते स्थलांतर नसण्याचीच शक्यता जास्त. पाणकावळे, बगळे, कुदळे हे सगळे दिवसभर चरून संध्याकाळी रातथाऱ्याला जातात आणि छान व्ही करूनच जातात, सकाळी उलट्या दिशेने परत येताना दिसतील. आधी मीपण प्रत्येक रांग बघून हरखायचो, मग एकदा सकाळी लवकर उठून बघितलं तर तीच मंडळी परत चाललेली. खरा जाणारा थवा बहुतेक खूप उंचावरून जातो, एका दिवशी दिसतो आणि मग आठवडाभर नाही. क्रौंच असतील तर आवाज आधी येतो, कर्कश तुतारीसारखा, आणि मग डोळे ताणून शोधलं की वर ठिपक्यांची माळ दिसते.

वर बघायची एक युक्ती, निळ्याशार आभाळात काही सापडत नाही, नजर ठरतच नाही. पांढऱ्या ढगाची कड धरून दुर्बीण हळूहळू सरकवा, ढगावर ठिपका लगेच उठून दिसतो. आणि उन्हं चढल्यावर, साधारण नऊ-दहाच्या पुढे, एखादी घार गोल गोल वर चढताना दिसली की तिच्या वर अजून कोण आहे ते बघा. गरम हवेच्या त्याच खांबावर शिकारी पक्षी पण चढतात आणि मग पंख न हलवता पुढच्या खांबापर्यंत घसरत जातात. म्हणूनच ते दिवसा प्रवास करतात, रात्री असली हवा मिळत नाही त्यांना.

नोव्हेंबरात अमूर ससाणेसुद्धा असेच वरून जाऊ शकतात. सैबेरियाच्या आग्नेय टोकापासून आणि उत्तर चीनमधून निघतात, ईशान्य भारतात थांबतात, मग भारत ओलांडून अरबी समुद्र न थांबता पार करून आफ्रिकेत! वजन म्हणाल तर दीडशे ग्रॅमच्या आसपास. ते येतात त्याच सुमारास चतुरांचे थवेपण हलत असतात, 2009 मध्ये चार्ल्स अँडरसन नावाच्या जीवशास्त्रज्ञाने मालदीवमधल्या निरीक्षणांवरून मांडलं होतं की हे चतुरही समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातात आणि वाटेतल्या पक्ष्यांना ते खाणं मिळतं. तेव्हा अंगणावर अचानक शेकडो चतुर तरंगताना दिसले तर खाली बघू नका, वर बघा.

मध्यरात्र:
रानजाई, तो रात्रीचा आवाज तुम्ही ऐकलात आणि लक्षात ठेवलात याचा मला इतका आनंद झाला काय सांगू. मी गेली काही वर्षं फक्त याच्याच मागे आहे.

छोटे पक्षी, म्हणजे वटवटे, माशीमार यातले पुष्कळ, रात्रीच प्रवास करतात. रात्री हवा थंड आणि शांत असते, पंख मारून मारून अंग तापतं ते थंड राहतं, ससाणे झोपलेले असतात, आणि मुख्य म्हणजे दिवस खाण्यासाठी मोकळा राहतो. अंधारात एकमेकांचा पत्ता रहावा म्हणून ते अधूनमधून असा एकच बारीक आवाज काढतात असं मानतात. आवाज दुसऱ्यांदा दुसऱ्या दिशेने आला म्हणालात ना, जागेवर बसलेला पक्षी किंवा किडा असता तर तिथूनच आला असता. म्हणून मला तरी वाटतं ते वरून जाणारंच कोणीतरी होतं. कोण ते मात्र एका "त्सिप"वरून सांगता येणार नाही, तो मोह टाळलेला बरा.

दिशा कशी सापडते हे विचाराल, तर 1960 च्या दशकात स्टीफन एम्लेन यांनी अमेरिकेत तारांगणात पक्षी ठेवून प्रयोग केले होते. त्यातून कळलं की लहान पिल्लं आभाळ कुठल्या बिंदूभोवती फिरतंय ते बघून उत्तर शिकतात. एखादा ठरावीक तारा पाठ नसतो त्यांना, फिरण्याचा मध्य ओळखतात. प्रयोगात आभाळ दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरवलं तर ती पिल्लं त्यालाच उत्तर समजली. याशिवाय पृथ्वीचं चुंबकत्वही त्यांना कळतं.

करून बघण्यासारखं सांगतो. पौर्णिमेच्या आगेमागे दोन-तीन दिवस दुर्बीण कशावर तरी टेकवा, स्टँड असेल तर उत्तम, आणि चंद्रावर लावून अर्धा तास बसा. चंद्राच्या तबकडीवरून एखादी काळी आकृती सर्रकन जाते, क्षणभरच. अमेरिकेत जॉर्ज लोअरी यांनी हीच पद्धत वापरून रात्रीच्या स्थलांतराची मोजणी केली होती, तेव्हा कुठलं आलंय आत्तासारखं रडार. कधी अर्ध्या तासात काहीच दिसत नाही आणि कधी पाच मिनिटांत तीन. आणि प्लीज, अंगणातला मोठा दिवा रात्री बंद ठेवा, ढगाळ रात्री उजेडाने पक्षी गोंधळतात, त्याच्याभोवती फिरत राहतात आणि दमून जातात.

गडगाखालचा:
माझापण एक सल्ला, मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावा, थिरथिरा लगेच समोर येऊन बसेल आणि फोटो नीट मिळेल. मी मागच्या वर्षी हिरवट वटवट्याचा असाच फोटो काढलेला, पानातून बाहेर यायलाच तयार नव्हता.

जुनी_दुर्बीण:
नका हो करू असं, रागावून नाही पण कळकळीने सांगतो. हा पक्षी हजारो किलोमीटर उडून आलाय, अंगातली चरबी संपलेली असते. शिवाय वटवट्या, थिरथिरा, धोबी हे इथे हिवाळ्यातही आपली आपली हद्द धरून राहतात, तुमचा तो वटवट्या कौतुकाने आला नव्हता, दुसरा कोणी घुसलाय समजून भांडायला आला होता. जी ताकद किडे शोधायला हवी ती आपण फोटोसाठी खर्च करायला लावतो. रोज एकाच जागी शांत बसा, आठ दिवसांत तो तुम्हाला ओळखीचा दगड समजायला लागतो आणि आपणहून जवळ येतो.

गडगाखालचा:
हे खरंच माहीत नव्हतं काका. नाही लावणार परत. त्याला मी चार-पाच वेळा तरी बोलावलं होतं, वाईट वाटतंय.

पाणकाठ:
दाण्यांचं कोणी सांगितलंच नाही म्हणून लिहितो. रानजाई, दाण्याने काही बिघडत नाही, पक्षी प्रवास विसरत नाहीत. निघायची वेळ मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून ठरते. 1920 च्या दशकात कॅनडात विल्यम रोवन यांनी ऐन हिवाळ्यात जुन्को नावाच्या छोट्या पक्ष्यांना पिंजऱ्यात विजेचे दिवे लावून दिवस मोठा होतोय असं भासवलं, तर कडाक्याच्या थंडीत त्यांच्या शरीरात वसंतातले बदल सुरू झाले. म्हणजे घड्याळ उजेडाचं आहे, ताटाचं नाही, काकूंना सांगा. उलट निघायच्या आधी पक्षी खाऊन खाऊन चरबी साठवतात, काही छोट्या जातींचं वजन तर जवळजवळ दुप्पट होतं.

पण दाण्याचा उपयोगही नाही फारसा, कारण तुमचे पाहुणे किडे खाणारे आहेत. थिरथिरा, माशीमार, वटवट्या, धोबी, यातलं कोणी दाण्याला येणार नाही, दाण्याला चिमण्या-कबुतरं येतील. पाहुण्यांसाठी तुमच्याकडे सगळ्यात मोलाची गोष्ट आहे तो पाचोळ्याचा ढीग! तो झाडून जाळू नका, त्यात किडे, कोळी, अळ्या सगळं असतं. झाडाझुडपांवर औषध मारू नका. पाणी उथळ ठेवा, बोटाच्या दोन पेरांएवढं खोल, मध्ये एक खडबडीत दगड, आणि वर एखादी बाटली टांगून थेंब थेंब पडेल असं करा, कारण त्या थेंबांच्या आवाजाने जेवढे पक्षी येतात तेवढे कशानेच येत नाहीत. भांडं रोज घासायचं. आणि मांजर असेल तर सकाळी घरात ठेवा.

उत्तरवारा:
मी उत्तरेकडच्या थंड देशात असते सध्या, त्यामुळे तुम्ही सगळे आले आले म्हणताय तेव्हा इथे मी गेले गेले म्हणतेय 🙂 माळभिंगऱ्या सप्टेंबरमध्येच गेल्या, आधी आठ दिवस तारेवर गर्दी करून बसायच्या आणि एका सकाळी तार रिकामी. इतकं रिकामं वाटतं ना त्या दिवशी. पण मग ऑक्टोबरच्या शेवटी अजून उत्तरेकडून रेडविंग येतात, कस्तुराच्या जातीचे, रात्रीच येतात आणि अंधारात "त्सीऽप" असं करत जातात, मध्यरात्र म्हणतायत तसंच. पाऊस थांबून उत्तरेचा वारा सुटला की त्या रात्री हमखास ऐकू येतात कारण वारा पाठीमागून मिळतो. तुम्हीपण वहीत वाऱ्याची दिशा लिहा, माझ्या तीन वर्षांच्या नोंदींत सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडलेला दिसतो. आणि ज्या रात्री प्रवासाच्या मध्येच पाऊस किंवा धुकं येतं तिच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण सोडू नका, वरून जाणारे सगळे मिळेल तिथे उतरलेले असतात. मला अशाच एका सकाळी एवढ्याशा झुडपात चार जातींचे पक्षी मिळाले, पुढच्या दिवशी एकही नव्हता.

रानजाई:
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. शेपूट नीट बघितली, पूर्ण विटकरी आहे, थिरथिराच! आणि पाणकाठ, तुमचं बरोबर निघालं, सकाळी सव्वासहाला तीच रांग उलटी जाताना दिसली, पाणकावळे आहेत. वाईट वाटलं थोडं, पण आता ते जाताना बघायलाही आवडतं.

एक मात्र घाबरून विचारतेय. आज सकाळी आईच्या खोलीच्या खिडकीवर धाडकन काहीतरी आपटलं. बाहेर जाऊन बघते तर खाली एक छोटा पक्षी, वरून राखाडी-तपकिरी, शेपूट काळी आणि तिच्या मुळाशी दोन्हीकडे पांढरं, डोळे अर्धे मिटलेले. हातात घ्यायचं धाडस झालं नाही, पाणी पाजू का??

पाणकाठ:
पाणी पाजू नका! चोचीत पाणी घातलं तर श्वासनलिकेत जाऊ शकतं. पुठ्ठ्याचं खोकं घ्या, हवेला भोकं पाडा, तळाला जुनं फडकं, अलगद उचलून आत ठेवा, झाकण लावा आणि शांत, अंधाऱ्या, ऊबदार जागी ठेवा. सारखं उघडून बघू नका. तास-दोन तासांनी खोकं बाहेर झुडपाजवळ नेऊन उघडा, सावरला असेल तर आपणहून उडेल. नाही उडाला किंवा पंख लोंबत असेल तर जवळच्या पक्षी वाचवणाऱ्या लोकांना किंवा वनखात्याला कळवा. वर्णनावरून लाल गळ्याचा माशीमार वाटतोय, तोपण पाहुणाच, मादी आणि तरुण पक्ष्यांचा गळा लाल नसतो.

जुनी_दुर्बीण:
आणि त्या काचेचं आजच काहीतरी करा ताई. काचेत झाड आणि आभाळ दिसतं, पक्ष्याला वाटतं पुढे मोकळं आहे. एकट्या अमेरिकेत इमारतींवर आपटून वर्षाला 36.5 कोटी ते जवळजवळ 100 कोटी पक्षी मरतात असा 2014 मधला अंदाज आहे, आणि त्यातले फार मोठ्या प्रमाणात साध्या घरांच्या काचांवर. एकच ससाण्याचं स्टिकर लावून काही होत नाही, पक्षी त्याच्या बाजूने जायला बघतो. काचेच्या बाहेरच्या बाजूने पट्ट्या किंवा ठिपके काढा, दोन पट्ट्यांमध्ये 5 सेंटीमीटरपेक्षा जास्त फट नको, म्हणजे इथून आपण मावणार नाही हे त्याला कळतं. आतून लावलं तर प्रतिबिंबाखाली झाकलं जातं. माझ्याकडे एकदा नवरंग असाच आपटून गेला, दक्षिणेकडे निघाला होता, आणि वाचला नाही. इतका रंगांचा पक्षी ओंजळीत गार पडलेला मी अजून विसरलेलो नाही.

रानजाई:
पावणेदोन तासांनी खोकं उघडलं. पाच-सात सेकंद काठावर बसला, "ट्र्र्र" असा किर्र आवाज केला, शेपूट झटकली आणि समोरच्या झाडात गेला!! मी रडले अक्षरशः.

मध्यरात्र:
किती छान बातमी दिलीत. तो आवाज लक्षात ठेवा, माशीमार दिसायच्या आधी त्या किर्र आवाजानेच सापडतो. माझ्याकडे ही नोंद असती तर मी वहीत चौकट केली असती.

रानजाई:
बारा दिवसांनी लिहितेय. काचेला बाहेरून पांढऱ्या चिकटपट्टीचे उभे पट्टे मारले, 5 सेंटीमीटरवर, मोजून. त्या दिवसापासून एकही धडक नाही. आईचा पलंग सरकवून खिडकीशी आणला, पट्ट्यांमधून तिला गडगा दिसतो. आता सकाळची पाळी आम्ही वाटून घेतली आहे, मी बाहेर पायरीवर असते आणि ती आतून बघते. वही तिच्याकडे असते, हात थरथरतो पण तारीख, वेळ, वारा सगळं लिहिते. काल मी आत औषध आणायला गेले तेवढ्यात तिने नोंद करून ठेवली होती, ती जशीच्या तशी देते:

"14 नोव्हेंबर. 7:10. वारा उत्तरेचा, गार. थिरथिरा गडग्यावर, आज दोन. दुसरा काळा, पोट तांबडं. पहिल्याने त्याला हाकललं. माशीमार आवाज आला, दिसला नाही."